साहेबांना काही आठवत नाही

सोमवार
कोर्टाला दुसरे उद्योगच नाहीत! ज्या म्हाताऱ्याला स्वतःची लाळ पुसता येत नाही, त्याच्यावर म्हणे खटला! आजपासून मी त्यांची आया. साहेब एके काळी मंत्री, आता चाकाच्या खुर्चीत. बाकी काम झकास. ऐसपैस खोली, खिडकीपाशी माझी खाट, वर पंखा. लेकीनं ही वही दिली. म्हणाली, माझं डोकं खाऊ नको, हिचं खा.

साहेबांच्या हुकमानं कोठडीत माणसं छळून मारली म्हणतात. माझ्या दादालाही छापखान्यातून उचललं होतं, तो परत आलाच नाही. पण हात पोलिसांचे. वरच्या माणसाला काय ठाऊक असणार?

मंगळवार
कोर्टाचे डॉक्टर आले. साहेबांना विचारलं, ही बाई कोण? म्हणे, आई! मला हसू आवरेना. मग मला विचारलं. मी ठासून सांगितलं, यांना काडीचं कळत नाही, चमचा नाकात घालतात. साहेबांच्या सूनबाई खूश. म्हणाल्या, आया निवडताना इतक्या बायकांचे फोटो दाखवले, साहेबांनी तुमच्यावरच बोट ठेवलं.

गुरुवार
आंघोळ घालत होते. साहेब म्हणाले, मिरचे, पाणी दे.

तांब्या हातातून पडला. मी तिखट बोलते म्हणून दादा मला मिरचे म्हणायचा. फक्त दादा. आणि आवाज — दादाचाच. रडवेला.

शुक्रवार
पुन्हा तेच. मग हसला. चांगला शहाण्या माणसासारखा.

म्हणजे हा कोठडीत होता. दादा पाणी मागत होता, हा समोर बसून ऐकत होता. फोटोत माझं नाक बघितलं असणार, दादाचंच नाक.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, बाई, मंगळवारी तुम्हीच सांगितलंत ना? अहवाल गेला. सोमवारी खटला बंद होणार.

सूनबाईंना सांगितलं. त्यांनी माझा फोन घेतला, दार लावलं. बाहेरून.

शनिवार
ओरड ओरड ओरडले. फाटकावरचा पहारेकरी वर बघतो, हात हलवतो, तंबाखू मळतो.

नळ कोरडा. माठ पालथा. खुर्चीत तो नुसता बघतोय —

रविवार
घसा —

खुर्ची रिकामी. तो उभा आहे. पायांवर. हातात तांब्या, काठोकाठ.

म्हणतो, माग. दादासारखं माग.

नाही मागणार. तूच बोल, मेल्या. उद्या कोर्ट उघडायच्या आत मला सांग, शेवटी त्याला पाणी दिलंस की —