काडी आणि सुतळी

३ जानेवारी

आली. न सांगता, न विचारता! दारात दोन बॅगा, आणि पट्ट्याला बांधलेली दोन — कुत्री म्हणायची का त्यांना? हरणाच्या पाडसाला उंदराचं तोंड लावलं तर जे होईल ते. एक राखाडी, एक बदामी. दोघी लटलट कापत होत्या. "वहिनी, ह्यांना आधी आत घेऊ द्या, थंडी वाजतेय." ह्यांना म्हणजे कुत्र्यांना! मी पाणी विचारायच्या आत बाईसाहेब माझ्या शिवणाच्या खोलीत.

हे म्हणाले, "अगं, नवऱ्याशी काहीतरी बिनसलंय तिचं. राहील थोडे दिवस." बहिणीसाठी ह्यांच्या तोंडून इतकी मऊ वाक्यं निघतात. मला कधी ऐकायला मिळाली नाहीत.

४ जानेवारी

इटालियन ग्रेहाउंड म्हणे ही जात. "पूर्वी राण्या मांडीवर घेऊन बसायच्या," नणंदेने मला ऐकवलं. बसत असतील. त्यांच्याकडे फरशी पुसायला माणसं होती.

नावं पण तशीच, परदेशी, माझ्या जिभेवर बसत नाहीत. मी राखाडीला काडी म्हणते आणि बदामीला सुतळी. नणंदेला राग येतो. येऊ दे.

७ जानेवारी

बाहेर गारठा असला की ही कुत्री बाहेर जात नाहीत. दारात उभं राहायचं, एक पाय वर उचलायचा, आपल्याकडे असं बघायचं की जणू आपणच थंडी पाडली! आणि मग घरात येऊन उरकायचं. आज उरकलं ते पांढऱ्या अस्तरावर. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या झग्याचं अस्तर. परवा द्यायचाय.

मी ओरडले. नणंद म्हणाली, "कापड जमिनीवर कशाला ठेवलं होतं?"

माझी खोली, माझं कापड, माझी जमीन! भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात. इथे भीकही मागितली नव्हती, आणि कुत्रंही आवरेना.

८ जानेवारी

अस्तर पुन्हा कापलं. तिने माफी मागितली नाही. मीही तिच्या ताटात भात करपलेला वाढला.

११ जानेवारी

नणंदेची नोकरी फोनवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर परक्यांना "हो सर, समजलं सर" करते, आणि घरात माझी एक तक्रार ऐकत नाही. ती कामाला गेली की कुत्री माझ्या गळ्यात. हे तर सकाळीच जातात.

मी इस्त्री काढली की दोघी हजर. गरम कपड्याचा वास लागतो त्यांना. काडी घड्या केलेल्या कपड्यांवर चढते आणि चादरीखाली तोंड खुपसते. सुतळी माझ्या मांडीवर. खाली उतरवलं की परत वर. खाली, वर! अंगावर मांस नाही, केस नावापुरते, नुसती कातडी आणि तिच्याखाली धडधड. मांडीवर घेऊन मशीन चालवून बघा म्हणावं त्या राण्यांना.

१२ जानेवारी

नणंद म्हणते, "वहिनी, तुम्ही इतकं छान शिवता, ह्यांना दोन कोट शिवून द्या ना."

मी म्हटलं, "मी माणसांचे कपडे शिवते."

१४ जानेवारी

शिवले. प्रेमाने नाही! त्या कापल्या की टेबल हलतं आणि टीप वाकडी जाते, म्हणून. जुन्या पडद्याचं कापड, आत फ्लॅनेल. ही जनावरं म्हणजे मापाला नुसता ताप — मान बाहीएवढी लांब, छाती पिंपासारखी आणि कंबर नाहीच. सुतळीचा कोट दोनदा उसवला. नणंदेने बघितलं आणि म्हणाली, "गळा जरा घट्ट झालाय." आभार वगैरे काही नाही.

गळा घट्ट नाहीये.

१५ जानेवारी

आज काडी पट्ट्यातून सटकली! समोरून एक कागदाची पिशवी उडत गेली, आणि ही त्या पिशवीमागे. पाय जमिनीला लागत होते की नाही देव जाणे. मी सपाता घालून मागे धावतेय, काखेत सुतळी, तोंडाने शिव्या. शेजारीण गॅलरीतून हसली, "काय हो, शर्यत लावली वाटतं!" शेवटी काडी स्वतःच एक गिरकी घेऊन परत आली आणि माझ्या पायाला टेकून उभी राहिली. कुत्रं कसलं, आगाऊपणाचा कळस.

संध्याकाळी नणंदेला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, पट्टा नीट लावला नसेल.

१८ जानेवारी

आज शिवण झालंच नाही.

दुपारी मी कापड बेतत होते. सुतळी टेबलावर होती. दाराची घंटा वाजली तशी ती उडाली — नेहमीसारखीच, नेहमीच्याच टेबलावरून. आणि एक आवाज झाला. वाळकी फांदी मोडावी तसा. ती ओरडलीच नाही आधी. पुढचा पाय लोंबत होता.

टॉवेलात गुंडाळून तशीच दवाखान्यात पळाले. डॉक्टरीणबाई शांत. "ह्या जातीत होतं असं. हाडं पेन्सिलीएवढी असतात. उड्या मारतात आणि मोडून घेतात." फोटो काढला. मग म्हणाल्या, "हा पाय आधीही मोडलेला दिसतोय. जुना जोड आहे."

नणंद ऑफिसातून तडक आली. कुत्रीकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"कोणी फेकलं तिला?"

"काय?"

"तुम्ही फेकलीत ना? रागाच्या भरात? खरं सांगा वहिनी!"

भर दवाखान्यात! डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या, "अहो, उडी मारली की मोडतात ह्यांचे पाय." तर त्यांना म्हणते कशी, "माहीत आहे मला. सगळे तेच म्हणतात."

मी वाईट आहे. करपलेला भात वाढण्याइतकी वाईट आहे. पण कुत्रं फेकतं का कोणी? कुणाच्या डोक्यात तरी येतं का असं?

१९ जानेवारी

ह्यांना सांगितलं, "ह्या घरात ती राहील नाहीतर मी." हे टीव्हीकडे बघत म्हणाले, "बघतो मी काय ते."

२१ जानेवारी

एकमेकींशी बोलणं बंद. सुतळीला औषध द्यायचं असलं की नणंद भिंतीला सांगते, "दुपारी अर्धी गोळी." मी भिंतीला म्हणते, "कळतं."

प्लास्टर घातलेला पाय घेऊन सुतळी रांगत माझ्याच मांडीकडे येते. कशाला येते? मी काय केलंय तिच्यासाठी?

२२ जानेवारी

ह्यांनी नणंदेच्या नवऱ्याला, घरच्या जावयाला, फोन केला. शनिवारी येतोय. बरं केलंत म्हटलं. मनापासून म्हटलं.

२४ जानेवारी

आज सगळं सविस्तर लिहायला हवं.

जावई सकाळी आला. नणंदेला ऑफिसात जादा पाळी होती, ती घरी नव्हती. ह्यांनी मुद्दामच ती वेळ सांगितली असणार, हे आता कळतंय. माणूस कसा, तर साबणासारखा स्वच्छ. बूट दाराशी जोडून ठेवले. मला "ताई" म्हणाला. शर्टाची कॉलर अशी कडक की मी मनात दाद दिली. "तिने तुम्हाला फार त्रास दिला असेल. मीच माफी मागतो." इतक्या दिवसांत ह्या घरात माफी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, म्हणून मला तो आवडला सुद्धा.

मग तो शिवणाच्या खोलीत आला.

काडी टेबलाखाली होती. तिथल्या तिथे तिची लघवी सुटली. सुतळी माझ्या मांडीवर होती. ही कुत्री सदा कापतात — थंडीला कापतात, भांडं पडलं तरी कापतात, आनंदानेही कापतात. त्याला बघून सुतळी कापायची थांबली. पूर्ण थांबली. मांडीवर दगड ठेवल्यासारखी. मला वाटलं, मेली की काय.

"चला, घरी," तो म्हणाला. गोड आवाजात.

"आणि नणंदबाई?" मी विचारलं.

"तिला राहू द्या ना हवं तेवढं. माहेर आहे तिचं. कुत्री माझ्या नावावर आहेत, तेवढी नेतो."

ह्यांनीच काडीला टेबलाखालून ओढून पट्टा लावला. सुतळीला जावयाने माझ्या मांडीवरून उचललं, पोटाखाली एक हात घालून, प्लास्टर लोंबतं ठेवून. मी म्हटलं, "पायाला आधार द्या." तो हसला. "ताई, मला सवय आहे."

गेला. मी फरशी पुसली. मनासारखं झालं होतं ना! मग तीच फरशी पुन्हा का पुसत होते?

नणंद चारच्या सुमारास आली. खोलीत गेली, बाहेर आली. आरडाओरडा करेल म्हणून मी पदर खोचून तयार होते. ती खुर्चीवर बसली.

"तुम्ही दिलीत?"

"तुझ्या दादाने दिली."

"कसा होता तो? रागात?"

"छे. हसतमुख."

ती उठली, बॅग भरायला लागली. मी म्हटलं, "अगं, तो म्हणाला, तू राहा हवं तर." तेव्हा ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहिते.

"वहिनी, त्याने मला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही. त्याला गरजच पडत नाही. मी मैत्रिणीकडे उशीर केला, की सुतळी सोफ्यावरून पडते. मी उलट बोलले, की काडी जिन्यावरून पडते. उड्या मारतात ना. सगळ्यांना माहीत आहे, त्यांचे पाय असेच मोडतात."

काडी-सुतळीच म्हणाली ती, माझ्यासारखंच. त्यांची खरी नावं नाही घेतली.

बॅग उचलून गेली. मी दारात नुसती उभी.

२५ जानेवारी

हे सकाळपासून शीळ घालतायत. "बघ, गेली ना आपल्या घरी. मिटलं." मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं? कुत्र्यांचं?"

"बोलली होती काहीतरी आल्या दिवशी. कुत्र्याच्या तंगडीवरून कोणी संसार मोडतं का?"

ठाऊक होतं! आल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि पट्टा ह्यांच्या हाताने लावला!

इतकी वर्षं ह्या माणसाची बटणं लावतेय मी.

२७ जानेवारी

नणंदेला फोन केला. ऑफिसातला आवाज काढून बोलली. "सगळं ठीक आहे. नोकरी सोडली. घरात बरं वाटतं." मागून तो विचारत होता, "कोण आहे?" पायाचं विचारलं तर म्हणाली, "प्लास्टर आहे अजून." आणि मग घाईघाईने, "काडीला नाही अजून." फोन ठेवला.

काडीला नाही *अजून*.

खोली स्वच्छ आहे. कपड्यांवर एक केस नाही. इस्त्री तापली की मी मागे वळून बघते. मूर्ख बाई.

२९ जानेवारी

आज नणंदेच्या घरी गेले. जावई कामावर असतो त्या वेळेला. नणंदेने दार फटीएवढं उघडलं.

"वहिनी, जा तुम्ही."

"बॅग घे."

"तुमच्या घरी? परत? तुम्हीच तर हाकललंत मला!"

"हो, हाकललं! आता न्यायला आलेय! बॅग घे म्हणते ना!"

जिन्यावर भांडलो. कडाक्याचं भांडलो — ती मला करप्या भाताची बाई म्हणाली, मी तिला ऐतखाऊ म्हटलं. तिच्या हातात बॅग, माझ्या कडेवर सुतळी, काडी दोघींच्या पायात. खालचा माणूस दार उघडून बघायला लागला. मी म्हटलं, "काय बघता? धरा ते दार!" त्याने धरलं.

रिक्षात ती रडायला लागली. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. तोंड दुसरीकडे केलं आणि सुतळीचा पाय धरून बसले. ती परत कापत होती. बरं वाटलं.

संध्याकाळी हे घरी आले आणि कपाळाला हात लावला. ओरडले नाहीत. आत जाऊन फोन केला. बाहेर येऊन म्हणाले, "आजची रात्र राहा. उद्या दहाला येतोय तो, घेऊन जाईल. आणि तू" — म्हणजे मी — "तू मध्ये पडायचं नाहीस. घर माझं आहे."

नणंद माझ्याकडे बघत होती. मी भांडी घासायला गेले.

३० जानेवारी

आठच्या आत निघालो, दोन्ही कुत्र्यांसकट. मशीन जड, आम्ही दोघींनी धरून उतरवलं. मी जिच्यासाठी शिवते त्या दुकानवालीला रात्रीच फोन केला होता, तिने गोदामाची खोली दिलीय. खिडकी आहे, पाणी आहे. हे दारात येऊन म्हणाले, "अगं, तू कुठे निघालीस? तिला जायचंय!"

मी घराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.