‘आलो मी वेशीत’ हिट झालं त्याची नोंद

१२ एप्रिल १९८६, सकाळ
मराठवाड्यातल्या तमाम गावरान गायकांनो, लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत आलं. कलेक्टर आला, एसपी आला, ऑफिसं झाली. रेडिओवर गाणं मात्र अजून पुण्याचंच. किती दिवस गप्प बसायचं?

हे भाषण सध्या वहीतच. चार माणसं समोर दिसली की मी पाठ फिरवतो. तीन कॅसेटी काढल्या, तिन्ही भिंतीकडे तोंड करून गायलो. ‘बांधावरची बाभळ’ पडली. ‘काळजाला कुलूप’ही पडली. तिसरीतलं ‘आलो मी वेशीत’ मात्र सुपरहिट. सरकारी पाण्याचा टँकर चालवणारा दस्तगीर ते भोंग्यावर लावतो. म्हणतो, शाहीरसाब, तुमचं गाणं लागलं की अख्खं गाव पळत येतंय.

१५ एप्रिल
स्वतः पाहिलं. शेजारच्या वाडीत, लिंबाआड लपून. गाणं लागताच बाया तव्यावरची भाकरी सोडून धावल्या. हातात घागरी, कळशा. भांड्यांसकट धावणारा रसिक पुण्यात दाखवा. दोघींनी पुढच्या जागेवरून एकमेकींच्या झिंज्या धरल्या. मी घाबरलो. एवढं प्रेम उद्या माझ्या अंगावर आलं तर? घरी येऊन भर उन्हात घोंगडी पांघरली. बायको, धुरपता, म्हणाली, बाया पाण्याला पळायल्यात, तुम्हाला कोण बघतंय. तिला संगीतातलं कळत नाही.

२० एप्रिल
ठरलं. १ मे, संध्याकाळी पाच, ग्रामपंचायतीपुढे जाहीर कार्यक्रम. भीती मोडायचीच. म्हशीपुढे तालीम केली. तिने मान वर करून पाहिलं आणि मी दुसरं कडवं विसरलो. उद्यापासून डोळे मिटून.

२७ एप्रिल
तालीम नाही. घसा जपतोय.
दस्तगीर आला. म्हणाला, एक तारखेला माझा टँकर निलंग्याला दुरुस्तीत हाय. त्या दिवशी भोंग्यावर ते गाणं लावू नका, बाया जित्तं सोडणार न्हाईत. समजलो. माझं गाणं त्याला स्वतःचं वाटू लागलंय. असल्या धमक्यांना मी भीत नाही. जेवण मात्र गेलं नाही.

१ मे, साडेचार
गर्दीसाठी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गाणं तीनदा लावलं. तिन्ही वाटांनी धुरळा उठलाय. ताप असल्याचं जाहीर करावं काय? पण सरपंच नरसिंगरावांनी सतरंजी टाकलीय.

१ मे, सहा
ग्रामपंचायतीच्या खोलीत, आतून कडी लावून लिहितोय. डोळे मिटून गायलो. भांड्यांवर ठेका पडू लागला. दाद समजून एक कडवं जास्त घेतलं. डोळे उघडले तर माझ्या पायापासून वेशीपर्यंत घागरींची रांग. पहिल्या नंबरला वाडीची सरजाबाई, दोन कोस चालून आलेली. तिने विचारलं, टँकर कुठाय? मी म्हणालो, बाई, गाणारा मीच. ती म्हणाली, हाव, ऐकलं गाणं. आता पाणी सोड. मागून एक कळशी कानाजवळून गेली. मी पळालो.

साडेसहा
कुणी हलत नाही. दारावर धडका. धुरपता रांगेत चौथी. खिडकीतून खुणावलं, मला सोडव. म्हणाली, नंबर सोडता येत न्हाई.

सरजाबाई उंबऱ्यावर बसलीय. टँकर येईस्तोवर ह्यो आतच, म्हणाली. मग खिडकीला तोंड लावून म्हणाली, काय खरडायलास आत? लिहिता येतंय तर कामाचं लिही. तिने सांगितलं तसं लिहिलं. घाईत अक्षर वाईट आलंय. चिठ्ठी न्यायला नरसिंगराव सायकल काढून थांबलेत.

मेहेरबान तहसीलदार साहेब, निलंगा. गावात पाणी नाही. टँकर बिघडलाय. तीन गावच्या बाया रांगेत आहेत. दुसरा टँकर आत्ता पाठवा.