बुजवलेला तलाव खणण्याबाबत

मी, आर्डेलिया मे स्टब्ज, वय ८२, धंदा केशभूषा (आता निवृत्त), राहणार टॅलोबेंड, जॉर्जिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. जीभही आहे, याला अख्खं गाव साक्षी आहे. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर सामानासह माझा भाचा लुशस याला. छप्पर गळतं, हे त्याला माहीत आहे. बिडाची कढई साबणाने घासू नये.

२. दुकानातल्या खुर्च्या, कात्र्या आणि केस सरळ करायचे लोखंडी कंगवे माझ्या हाताखाली शिकलेल्या निओमीला. माझी मैत्रीण एटा पर्किन्स हिला काही ठेवलेलं नाही. ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकीलबाई सांगतात. एटा, रुसू नकोस.

३. आता मुद्द्याचं. मिल रस्त्यावरचा मोकळा प्लॉट.

या जागेचं एक मृत्युपत्र आधीच होऊन गेलंय. कर्नल हायरम पेटिग्रू मरताना ही जागा पोहण्याच्या तलावासकट गावाला देऊन गेले. अट अशी, की पोहायला फक्त गोऱ्यांनी यावं, काळ्यांना घेतलं तर जागा वारसांकडे परत. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच उन्हाळ्यात मी पिवळा पोहण्याचा पोशाख घेतला आणि एटाला घेऊन फाटकाशी गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, "बाई, घरी जा. उगाच तमाशा नको." मी म्हटलं, "तमाशा कसला? तिकीट दे." पोलिसांनी आम्हाला उचललं.

आम्ही दावा लावला आणि जिंकलो. संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे गावाच्या तलावात रंग बघता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. मग गावाने काय करावं? ट्रक लावून तलाव मातीने बुजवला. आम्ही पुन्हा कोर्टात. या खेपेला कोर्ट म्हणालं, गोऱ्यांनाही बंद, काळ्यांनाही बंद, सगळे सारखेच, मग अन्याय कुठे झाला? वर कर्नलची अट आता पाळता येत नाही म्हणून जागा त्यांच्या वारसांना परत गेली. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

पुढे त्या वारसांनी कर थकवला, जागा लिलावात निघाली आणि मी घेतली. लुशस म्हणतो, "आत्या, कोपऱ्यावरची जागा आहे. पेट्रोल पंप टाकू, सोनं होईल. आणि तुला पोहता तरी कुठे येतं?" अरे बाळा, येणार कुठून? शिकायला तलाव होता का?

म्हणून ही जागा आणि बँकेतली सगळी शिल्लक विश्वस्त म्हणून वकीलबाई वर्नीस टूम्स यांच्याकडे द्यावी. माती उपसून तलाव पुन्हा बांधावा. पहिली कुदळ लुशसने मारावी. न मारल्यास कलम १ रद्द, घर विकून तो पैसाही तलावाला.

तलाव सर्वांना खुला राहील. कुणाला रंगावरून परत पाठवलं, किंवा "सगळ्यांनाच बंद" ही जुनी चलाखी पुन्हा केली, तर जागा आमच्या चर्चला जाईल आणि चर्चनेही तिथे तलावच चालवावा. पळवाट शोधू नये. त्या कशा असतात ते मी दोन निकालांत शिकले आहे.

नाव 'कर्नल पेटिग्रू तलाव' हेच ठेवावं, मोठ्या अक्षरांत, आपली पोरं उड्या मारतील तिथून दिसेल असं. कर्नलचा पणतू आला तर त्यालाही आत घ्यावं. तिकीट सगळ्यांइतकंच.

४. तो पिवळा पोशाख कपाटात आहे, त्याला अजून पाणी लागलेलं नाही. मला त्यातच पुरावं. आता अंगात बसणार नाही, निओमीने बाजू उसवाव्यात. आमच्या चर्चचे रेव्हरंड गेन्स म्हणतील, "आर्डेलियाबाई, हे शोभत नाही." त्यांच्या समाधानासाठी वरून निळा झगा घालावा.

शवपेटी मिल रस्त्याने न्यावी आणि जुन्या फाटकाच्या जागी थांबवावी. कुणी विचारलंच, तर सांगावं, बाई तिकिटासाठी थांबल्यात.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. वकीलबाईंना त्यातला एक शब्दही मी कमी करू दिला नाही.

सही: आर्डेलिया मे स्टब्ज

साक्षीदार:
१. एटा पर्किन्स (रुसलेली नाही)
२. ड्वेन हॅगर्टी, शेजारी

स्थळ: टॅलोबेंड
दिनांक: १४ जून २०२२