हौसाआत्याची शिंक

प्रिय हौसाआत्या,

उद्या माझा आणि दीपालीचा साखरपुडा आहे. तुझ्या राहू गावात, तुझ्याच अंगणात! आमच्या कवठ्याहून गाड्या भरून माणसं येणार आहेत, आई सकाळपासून त्याच साड्यांच्या घड्या मोडून परत घालतेय, आणि मी शिरूरच्या बाजारात पिकअप उभी करून केबिनमध्ये तुला पत्र लिहीत बसलोय. ही बातमी सगळ्यात आधी जिला सांगायची तीच नाही. थोडं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

पहिली भेट आठवते का? मी तुमच्या घरासमोरच्या टाकीपाशी गाडीचं बॉनेट उघडून उगाच उभा होतो. मामेभावाच्या हळदीत तुझी भाची दीपाली दिसली होती. तेव्हापासून पेंडीची पोती कुठल्याही गावची असोत, माझी गाडी राहूवरूनच जायची. तू काठी टेकत आलीस, इंजिनात डोकावलीस आणि म्हणालीस, "गाडीला काय झालं न्हाई. झालंय ते तुला."

मी 'तुम्ही, तुम्ही' करायला लागलो तर तू मागे वळून बघितलंस, आणखी कोण उभं आहे म्हणून. मग विचारलंस, शिरूरला जातोस ना, तिथल्या जुन्या दुकानातून तपकीर आणशील का? राहूच्या टपरीवर आता नुसत्या रंगीत पुड्या लटकतात आणि तपकीर मागितली की पोरं हसतात, अशी तुझी तक्रार.

असा मी तुमच्या घरात शिरलो. आठवड्याला डबी पोचवायची, ओट्यावर बसायचं आणि चहा घेऊन कोण येतंय ते बघायचं. अण्णा, म्हणजे तुझा धाकटा भाऊ आणि दीपालीचे वडील, मला 'तपकीरवाला' म्हणायचे. माझं डोकंच सटकायचं. कॉलेज मी असंच सोडलेलं, दुसऱ्या वर्षाला, सरांशी वाद घालून. तू मला जवळ बसवून म्हणायचीस, "नाव प्रशांत, आन् डोक्यावर तवा ठिवला तर भाकर भाजंल."

गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्या तपकीर दाताला लावायच्या. तू मात्र बाप्यासारखी नाकात ओढायचीस, तीही भर चावडीसमोर! मला आधी नवल वाटायचं. मग तू दौंडच्या दुकानाची गोष्ट सांगितलीस. स्टेशनाजवळ तुझ्या मालकांचं तंबाखूचं दुकान, आणि ते गेल्यावर गल्ल्यावर तू. कोळशाच्या इंजिनावरचे ड्रायव्हर, फायरमन ड्युटीवरून उतरले की घरी जायच्या आधी तुझ्याकडे यायचे. चिमूट ओढून सणसणीत शिंकायचे. नाकातली काजळी निघते म्हणे! दुकानात आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा ते मालक असल्यापासून तूच नाकाला लावून ठरवायचीस, तूप जास्त पडलंय का, चुना कमी पडलाय का. त्यातूनच सवय लागली.

डबीची रीतही तूच शिकवलीस. डबी आपण उघडून पुढे धरायची, चिमूट समोरच्याने घ्यायची, आणि घेणाऱ्याने आधी थोडी झटकायची, हावरटासारखी भरून घ्यायची नाही. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊभाऊ तुझ्या बाकावर बसून एकाच डबीतून ओढायचे आणि परत बोलेनासे व्हायचे, हे सांगताना तू किती हसायचीस! पुढे डिझेल आलं, वीज आली, गिऱ्हाईक म्हातारं झालं. आता त्या जागेवर मोबाईलची कव्हरं विकतात. मी मुद्दाम जाऊन बघून आलो होतो, पण तुला सांगितलं नाही.

मला मात्र तू कधी डबी पुढे केली नाहीस. मागितली तर हातावर चापट मारलीस. ह्या नादात तू पडायचं न्हाई, म्हणालीस.

मग ते पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, फ्लॅट, गाडी. अण्णांनी मध्यस्थाला शब्दही देऊन टाकला. नेमका त्याच आठवड्यात शिरूरचा दुकानदार लेकीकडे गेलेला, दुकान बंद. मी दौंडला पेंड उतरवायला गेलो होतो, तिथल्या एका पानवाल्याकडून मिळाली ती डबी आणली. तपकीर ती तपकीर, त्यात काय, असं मला वाटलं. तू एक चिमूट ओढलीस, डोळ्यांत पाणी आलं, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि डबी बंद करून कमरेला खोचलीस. मी दुःखात होतो, मला कुठं कळतंय?

आणि बघायच्या कार्यक्रमाला खुर्च्या कुणाच्या गाडीतून आल्या? माझ्या! अण्णांनीच फोन केला होता. दीपालीला बघायला येणाऱ्यांसाठी मी खुर्च्या मांडत होतो, एकेक अशी आपटत होतो की पाय मोडावा.

पोहे झाले. मुलाच्या मामांनी घसा खाकरला आणि म्हणाले, आम्हाला पसंत आहे. त्याच क्षणी तू शिंकलीस. काय ती शिंक! गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

अण्णा घाईघाईने म्हणाले, तपकिरीची शिंक आहे, धरू नका. मंडळींनी माना डोलावल्या. तपकिरीची शिंक कुणीच धरत नाही. मी कोपऱ्यात उभा, शिंकेनं जागी झालेली माझी आशा परत मावळली. पण मुलाच्या आजोबांच्या कमरेलाही डबी होती. त्यांनी तुला विचारलं, किती वर्षं ओढता? तू पदर सावरून सांगितलंस, "लगीन झाल्याच्या वर्साला मालकानं दुकान टाकलं, तवापास्नं."

आजोबा उठलेच. म्हणाले, "मग ही तपकिरीची कशी? आमची नाकं कवाच मेल्यात. जुन्या माणसाला तपकिरीनं शिंक येती व्हय?"

त्यांना काय माहीत, डबीत काय होतं! नंतर कळवतो म्हणून गेले ते गेलेच.

मी खुर्च्या गोळा करत होतो तेव्हा तू माझ्या कानाशी आलीस. "मद्रासी हाय ती. रेड्याला शिंक आणंल. पयल्या चिमटीलाच वळखली, मग आजच्यासाठी ठिवून दिली." माझ्या हातातल्या खुर्च्या तिथंच पडल्या. तू मात्र तोंडाला पदर लावून भाचीच्या मोडलेल्या लग्नाचं दुःख करत आत गेलीस.

आणि महिन्याभरात झोपेतच निघून गेलीस! राग आला मला तुझा. दहाव्याला तर जास्तच. पिंड ठेवला, माणसं मागं सरली आणि लगेच कावळा शिवला. अण्णा म्हणाले, हिची काही इच्छा राहिली नव्हती. मी मागे उभा. राहिली नव्हती? माझं काय? जरा ताणून धरायचं ना, आत्या! अण्णांनी हात जोडून 'दीपाली प्रशांतला देतो' म्हणेपर्यंत तरी!

पण गंमत पुढे आहे. गेल्या महिन्यात अण्णा स्वतः शिरूरला आले, मला शोधत. म्हणाले, ते दुकान दाखव. घरात तिच्या तपकिरीचा वास राहिला नाही, चैन पडत नाही. मी घेऊन गेलो. दुकानदाराने डबी पुढे धरली, अण्णांनी कधी नव्हे ती चिमूट ओढली आणि शिंकायला लागले. थांबेचनात. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. शेवटी बाकावर बसून टॉवेलने तोंड पुसलं. त्यातलं शिंकेचं पाणी किती आणि तुझ्यासाठीचं किती, मी विचारलं नाही.

मग म्हणाले, "तिनं मुद्दाम शिंक काढली हुती. ठावं हाय मला."

ठाऊक होतं तर गप्प का बसलात, एवढंच मी विचारलं.

"मलाबी ते स्थळ पटलं नव्हतं. लई मोठेपणा हुता त्यांना. पर शब्द दिल्याला. हौसानं सोडवलं मला." टॉवेल खांद्यावर टाकला. "पोरीला इचारलं. ती तुझंच नाव घेती. आता तुझ्या रागाचं काय करायचं, ते तू सांग."

त्या प्रश्नानेच माझं डोकं तापायला लागलं होतं, तुझ्याशी कशाला लपवू? पण सगळं ह्या एका उत्तरावर होतं. मी म्हणालो, "राग जाणार न्हाई, अण्णा. जाईल म्हणलो तर खोटं हुईल."

अण्णांनी बसल्या बसल्या दुकानदाराला एका डबीचे पैसे दिले. मग उठले आणि म्हणाले, रविवारी घरच्यांना घेऊन ये.

बस, एवढंच! आता डबी अण्णांच्या कमरेला असते आणि दीपाली त्यांच्यावर रोज ओरडते. माझ्यावरही ओरडते, बाहेरून परीक्षा दे म्हणून. बघतो म्हणालोय. म्हणजे देईन बहुतेक. तिच्याशी वाद घालून जिंकता येत नाही, हे तुला माझ्याआधीच माहीत असणार.

अण्णांना मी अर्धंच उत्तर दिलं. राहिलेलं तुला देतो. राग आला तर दीपालीवर काढणार नाही. तिला सांगून बाहेर पडेन, एक चक्कर मारीन, आणि जेवायच्या आत घरी येईन. माझं ताट झाकून ठेवून तिला वाट बघत बसावं लागणार नाही. एकदाही नाही.

तुझा भाचजावई,
प्रशांत