माडीवरचा भाडेकरू

ता. ३ जून

चि. भोंग्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आज ते रागातच देते आहे, गोड मानून घे.

फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई करून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. घरपट्टीची नोटीस आली आहे. आकडा बघितला आणि हातातला शिवायचा गणवेश तसाच धरून मशीनपुढे बसून राहिले. दुपटीच्याही वर! का, तर म्हणे आपल्या माडीवर भाडेकरू राहतो. भाड्याने दिलेल्या जागेची पट्टी जबर असते.

मागच्या महिन्यात तपासणीला एक निरीक्षक आला होता. बाहेरचा जिना दिसल्याबरोबर धडाधडा वर चढला आणि तुझी खोली उघडायला लावली. पलंगावर धुतलेली चादर, खुंटीला टॉवेल, आरशाखाली तुझा दाढीचा ब्रश, आणि टेबलावर तुझं गजराचं घड्याळ चालू. इथे कोण राहतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ. तो कुठे आहे, विचारलं. म्हटलं, दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. तर गालातल्या गालात हसून म्हणतो, मग घड्याळाला चावी काय भूत देतं? मी देते म्हणून सांगितलं, तर ऐकेल तर शपथ. मेल्याने कागदावर भाडेकरू लिहून टाकलं!

मी हरकत घेतली आहे. एकवीस तारखेला नगरपालिकेच्या समितीपुढे सुनावणी आहे. हरले तर एवढी पट्टी माझ्याच्याने भरवायची नाही. मग खरोखरच भाडेकरू ठेवावा लागेल, आणि तो तुझ्याच पलंगावर झोपेल. तेव्हा त्या दिवशी तू ये. मी हिचा भाऊ आणि ही खोली माझी, एवढंच सांग. बाकीचं भांडण मी बघते.

लोभ आहेच. तो पत्रातून पुष्कळ झाला, आता समक्ष दाखव.

तुझी,
ताई


ता. ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. निरीक्षक राहू दे बाजूला, तुझं काय चाललंय? रिकाम्या खोलीतली चादर बदलतेस? घड्याळाला चावी देतेस? ताई, हा धोंडा तू आपल्याच हाताने आपल्या पायावर पाडून घेतलायस. तो बिचारा जे दिसलं ते लिहून गेला.

एकवीसला येणं शक्य नाही. इथे एक लिफ्ट चालू केली की दुसरी अडकते, आणि आत अडकलेली माणसं माझ्या नावाने शंख करतात. सुट्टी म्हटलं की मालकाच्या कपाळाला आठ्या. तुला तिथे बसून काय कळणार?

सोपा उपाय सांगतो. पलंग काढ, घड्याळ कपाटात टाक, खोलीला कुलूप लाव. बंद खोलीला पट्टी कमी असते, इथल्या एका वकिलाला विचारलं मी. नाहीतर दे ना खरंच भाड्याने! चार पैसे येतील, तुला सोबतही होईल. मला काय फरक पडतो?

गणवेशात अजून सुया विसरतेस का? शाळेच्या प्रार्थनेत मी मारलेली उडी आठवली की आजही हसू येतं.

राग मानू नये, आणि मानलाच तर लवकर विसरावा.

तुझा,
भोंग्या


ता. १३ जून

चि. भोंग्या यास,
आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

तुला काय फरक पडतो? बरं झालं लिहिलंस ते. तोंडावर बोलला असतास तर कानाखाली बसली असती.

विसरलास ना? मी आठवण करून देते. जाताना खांद्यावर पिशवी टाकून तू जिन्यात उभा होतास. खोलीला कुणाला हात लावू देऊ नकोस म्हणालास. घड्याळ बंद पडू देऊ नकोस, जुनं यंत्र एकदा थांबलं की कायमचं बसतं, मी लवकरच येतो, हेही तूच म्हणालास. रडत होतास, म्हणून तर भोंगा. मी आपली वेडी, रोज सकाळी माडी चढून चावी देते. गुडघे बोलतात, तरी चढते. आणि तू कधी आलास? आई गेली तेव्हा. सकाळी आलास, संध्याकाळच्या गाडीने परत. माडी चढलासुद्धा नाहीस.

वकिलाला विचारायला वेळ मिळतो, नाही का? आणि निरीक्षक म्हणे बिचारा! सगळं जग बिचारं, ताई तेवढी खुळी.

पलंग काढणार नाही. भाड्याने देणार नाही. ती खोली माझ्या भावाची आहे, हे मी समितीला ठणकावून सांगणार. तू यावंस हे शेवटचं सांगते. पाया पडणार नाही, मी थोरली आहे.

लोभाचं तू आलास की बोलू.

ताई


ता. १७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किती गं बोलतेस! मालकाला विचारलं, नाहीच म्हणाला. पण तुझं काम अडू नये म्हणून सोबत सहीनिशी लिहून पाठवलंय की मी त्या खोलीत राहतो. वजन यावं म्हणून मालकाची सही आणि कंपनीचा शिक्काही घेतला. मालकानेच खुशीने खाली दोन ओळी लिहिल्या. आता समिती काय, समितीचा बाप मान्य करेल.

आता तरी हस. कळावे, आणि जिंकल्याचंच कळवावे.

भोंग्या


ता. २२ जून

भोंग्या,
काल सुनावणी झाली. नीट वाच, मी पुन्हा लिहिणार नाही.

लांबट खोली, वर करकरणारा पंखा, टेबलामागे तिघं जण. मधले अध्यक्ष म्हातारे, बोलायला सभ्य. तो निरीक्षक कोपऱ्यात, हाताची घडी घालून. मी तुझा कागद मोठ्या तोऱ्यात पुढे केला. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला. तुझ्या दोन ओळी झाल्या, मग तुझ्या मालकाच्या. हा कारागीर नोकरीला लागल्यापासून एक दिवसही गैरहजर नाही, कंपनीच्याच खोलीत राहतो, अशी प्रामाणिक माणसं आता मिळत नाहीत. वर तो शिक्का! निरीक्षक फिसकन हसला. अरे गाढवा, सही करण्याआधी नाही, निदान पाकिटात घालताना तरी खालचं वाचायचंस!

अध्यक्षांनी मला विचारलं की बाई, तुमचा भाऊ या खोलीत शेवटचा कधी झोपला होता. मी बोटांवर वर्षं मोजू लागले. त्यांना वाटलं मी खोटं जुळवते आहे. ते म्हणाले, भाऊ राहत नसेल तर भाडेकरू राहतो असंच धरावं लागेल. तेव्हा माझं डोकं सणकलं. टेबलावर हात आपटून सांगितलं की तिथे कुणी राहत नाही. भाऊ येत नाही. तो येणार नाही. मीच वेड्यासारखी त्याची वाट बघते आणि तुम्ही त्या वाट बघण्यावर पट्टी लावता! निरीक्षकाने मान खाली घातली. त्याचा मला जास्तच राग आला.

हरकत मान्य झाली. खोली बंद धरली, पट्टी पहिल्यापेक्षाही कमी. अट एकच, सामान काढून कुलूप लावायचं. अध्यक्षांनी अभिनंदन केलं.

पलंग शेजारच्या सुताराने उतरवून दिला. चादरीची घडी केली. घड्याळ मात्र मी थांबवलं नाही. चावी दिली नाही एवढंच. आज दुपारी आपणहून थांबलं.

तुझंच ऐकलं शेवटी. खूश?

ताई


ता. २७ जून

ताई,
मायना सुचत नाही. नमस्कार.

तुझं पत्र एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत वाचलं. दोनदा वाचलं. खालून माणसं ओरडत होती, ओरडू दिली. मला तुझा राग आला, मग त्या अध्यक्षाचा, मग मालकाचा. शेवटी रागवायला मीच उरलो. भर सभेत तुला ते बोलावं लागलं, माझ्यामुळे.

मालकाला सांगून टाकलं की पगार काप, नाहीतर दुसरा प्रामाणिक माणूस शोध. आठ जुलैच्या सकाळच्या गाडीने येतोय. तू समितीला लिही की खोली वापरात आहे, घरमालकिणीचा भाऊ राहतो. जी पट्टी बसेल ती मी भरीन. पलंग परत चढव.

आशीर्वाद मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

भोंग्या


ता. १ जुलै

चि. भोंग्या यास,
आशीर्वाद.

समितीला काहीही लिहिणार नाही. लवकरच येतो हे मी याआधीही ऐकलेलं आहे. आधी ये, मग बघू. आलास तर मशीनच्या बाजूला जमिनीवर झोप, सुया बघून. पलंग वर चढवायचा झाला तर तूच चढव, सुताराला मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

घड्याळ माझ्या उशाशी आहे, बंद. तुला यंत्रातलं कळतं ना? मग तूच चालू करून दाखव.

ताई