मानेवरचा डाग

३ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझे भावोजी तुझ्याकडून परतले ते डोकं हलवतच. म्हणाले, पाण्याच्या टाकीला पांढरा रंग देता देता तुझा भाऊ स्वतः काळा ठिक्कर पडलाय, नाकाची सालटी निघाली आहेत. त्यात मोबाइल रंगाच्या डब्यात बुडवून बसलास म्हणे! बरंच झालं. फोनवर तू नुसतं ‘हो हो’ करतोस आणि ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल.

सोबत उन्हात लावायचं मलम पाठवते आहे. दुकानात पंधराचं, तीसचं, पन्नासचं अशा नळ्या मांडलेल्या. मी विचारलं, हे आकडे वयाचे का? दुकानदाराने हसत बरंच काही सांगितलं, मला त्यातलं निम्मं कळलं. शेवटी तुझ्या वयाच्या जवळचं म्हणून पन्नासचं घेतलं. ते सढळ हाताने लाव, लांब बाह्यांचा सदरा घाल, आणि ऊन डोक्यावर आलं की मुकाट्याने सावलीत बस. वेळेवर लग्न केलं असतंस तर हे सांगायला दुसरं कोणी असतं आणि माझी शाई वाचली असती.

लोभ आहेच. कातडी शाबूत ठेवलीस तर वाढेलही.
तुझी ताई

१३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मलम पोचलं, पण त्याने माझ्या डोक्याला ताप झाला आहे. नवा रंग आला की आधी भिंतीच्या एका कोपऱ्यात पट्टा मारून बघायचा, अर्धी भिंत कोरी ठेवायची, ही आमची रीत. त्याप्रमाणे मी रोज सकाळी फक्त डाव्या हातावर मलम लावलं. एक थर दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला. उजवा कोरा ठेवला. आठवड्याने बघतो तर मलमाचा डावा हात लालभडक होऊन सोलायला लागलाय आणि कोरा उजवा ठणठणीत! रंगकामातला माझा जोडीदार म्हणतो मलम नकली, मुकादम म्हणतो उलटं लावलंस. मलम उलटं कसं लावतात, ते मात्र त्याला सांगता येईना.

आणखी एक. माझ्या मानेवर, डाव्या कानामागे, काळा डाग आहे. मला तो कुठून दिसणार? जोडीदाराला दिसला. त्याला वाटलं तेलरंगाचा शिंतोडा, म्हणून तो रोज सुटताना थिनरचा बोळा घेऊन माझी मान घासायचा. डाग हलेना, कातडी मात्र जळायला लागली. हसू नकोस. शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हा लहानपणापासूनचा की नवा? नवा असेल तर कापून तपासायला पाठवावा लागेल, जुना असेल तर थांबून लक्ष ठेवू, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आहे.

आता मी काय सांगणार? स्वतःची मान आयुष्यात कोणी पाहिली आहे का? लहानपणी ती तूच घासायचीस. होता का गं हा डाग? लवकर कळव. रात्री पडलो की हात आपोआप तिथेच जातो.

भावोजींना नमस्कार. लोभ ठेव, आणि उत्तर लांबवू नकोस.
तुझा टिल्लू

१८ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले, मग पुन्हा हसले. हाताचं कोडं काही सुटेना. इकडे गणवेशांची शिलाई चालू, आणि माझं सगळं लक्ष तुझ्या हातांकडे. शेवटी मशीनवर एक बाही जोडता जोडता डोक्यात उजेड पडला. मलम लावलंय, आता भीती नाही, म्हणून तू डावी बाही दंडापर्यंत सरकवली असशील आणि उजवी मनगटापर्यंत खाली ठेवली असशील! खरं की नाही? आणि सकाळी लावलेलं दुपारच्या घामात उरतंय कशाला? तो काय तेलरंग आहे, एकदा दिला की वर्षभर टिकायला? दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, हे या वेळी मी दुकानदाराकडून नीट समजून घेतलं. बाह्या दोन्ही खाली ठेव.

आता डागाचं. होता रे, मला लख्ख आठवतं. डाव्या कानामागे, डाळीच्या दाण्याएवढा, काळा. कितीदा तरी मी वेळ जाईना म्हणून तोच बघत बसले आहे. तेव्हा चिंता सोड आणि बाईंना तसं सांग. त्या थिनरवाल्या जोडीदाराला मात्र मानेपासून चार हात लांब ठेव.

लोभ नको तेवढा आहे, हे तुला ठाऊक आहेच.
तुझी ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने जिवात जीव आला. दवाखान्यात निरोप पाठवला की डाग जन्माचाच आहे, ताईने सांगितलंय, आणि दिलेली वेळ रद्द केली. टाकीचं कामही अंगावर आहे. बाहीचं तू म्हणालीस तसंच झालं होतं. मी इतका मूर्ख कसा, तेवढं आपल्यापुरतंच ठेव, भावोजींना सांगू नकोस. जोडीदार म्हणतो डाग पूर्वीपेक्षा मोठा दिसतोय. पण त्याला हल्ली चष्मा लागलाय, त्याचं काय ऐकायचं?

लोभ आहे तसा राहू दे.
तुझा टिल्लू

२७ एप्रिल

टिल्लू,

आशीर्वाद वगैरे नंतर. टपालाची वाट न बघता हे पत्र यांच्याच हाती पाठवते आहे. हातातलं काम टाक आणि आजच्या आज त्या बाईंकडे जा.

आज यांच्या स्कूटरवर मागे बसून दुकानात चालले होते. समोर यांची मान, घामाने चकाकणारी. आणि एकदम लक्षात आलं. तो डाग मी असाच पाहिलेला आहे, मागे बसून! बाबांच्या सायकलवर मी कॅरिअरवर असायचे आणि तू पुढे दांडीवर. माझ्या डोळ्यांसमोर मान असायची ती बाबांची. तुझी मला तिथून दिसायचीच नाही. तुझी मान मी नळाखाली घासायचे, आणि तिच्यावर मळाशिवाय काहीही नव्हतं. आता आठवतंय ते खरं की मागचं खरं, याचा मी दिवसभर काथ्याकूट केला. यांना विचारलं तर हे म्हणतात, मला काय माहीत, मी तेव्हा तुमच्या घरात होतो का?

आणि बाबा तर जन्मभर उन्हात टपाल वाटत फिरले. शेवटी त्यांच्या मानेला गाठ झाली होती, एवढं आठवतं. ती त्याच जागी होती का, कोण जाणे. तेव्हा आपल्याला विचारायचं सुचलंच नाही.

मी तुला खात्रीने सांगितलं आणि तू वेळ रद्द केलीस. मला फार भीती वाटते आहे रे. बाईंना सांग, डाग नवा आहे. बहीण वेडी आहे म्हणून सांग, काहीही सांग, पण तो काढून घे.

ताई

२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे तू शेवटचं पान आधी उलटणार नाहीस. डाग काढला. अहवाल आला. तो वाईटच निघाला. पण अजून वरच्यावर होता, आत उतरला नव्हता, आणि कडेसकट सगळा निघाला आहे. आणखी थोडे महिने थिनर घासत बसला असतात तर गोष्ट वेगळी होती, असं बाई म्हणाल्या. हे ऐकून जोडीदार बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडला. मलाच त्याची समजूत घालावी लागली. आता दर दोन तासांनी तोच मला हाक मारतो आणि मानेवर मलम चोपडतो. इतकं चोपडतो की सदऱ्याची कॉलर टाकीसारखी पांढरी झाली आहे. ते पन्नास म्हणजे काय, हे मात्र आम्हा दोघांनाही अजून कळलेलं नाही.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तुझ्या सांगण्यावरून मी वेळ रद्द केली, आणि तुझ्याच सांगण्यावरून धावत गेलो. टाके निघेपर्यंत उताणं झोपता येत नव्हतं, म्हणून विचार करत पडायचो. तू मागे होतीस, तुला बाबांची मान दिसली. मी पुढे होतो, मला काय आठवतं सांगू? पायडल मारताना बाबा माझ्यावर वाकलेले असायचे. दांडीवर मला कधी ऊन लागलंच नाही गं. ते सगळं त्यांच्या मानेवर पडत होतं.

बाईंनी विचारलं, तुमच्या घरी मान बघायला कोण आहे? मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा यापुढे महिन्यातला एक रविवार मी तुझ्याकडे येणार. आधी तू माझी मान बघ. मग खुर्ची उजेडाकडे फिरवून तू बस, मी तुझी बघतो. तूही त्याच उन्हात मागे बसलेली होतीस.

लोभ कसा ठेवायचा ते तुला सांगायला नकोच.
तुझा टिल्लू