कायम बत्तीस डिग्री

२२ एप्रिल, सोमवार. सकाळी ११
आजपासून नोंद. कारण या गाळ्यात माझ्या कामाची नोंद दुसरं कुणी ठेवत नाही.
शिरोलीतलं हे पॅटर्न शॉप सासऱ्यांचं. आता चालवते माझी बायको, प्रियदर्शनी. फौंड्रीवाल्यांना ओतकामाचे साचे पाडायला लागणाऱ्या लाकडी पॅटर्नची ड्रॉइंग ती करते, लाकूड केरबा मिस्त्री कापतो आणि सिस्टीम विभाग माझ्याकडे. विभागात एक कॉम्प्युटर आणि मी.
मुख्य तक्रार: सीपीयूचे पंखे. नुसती पिठाची गिरणी. २४ मेला पुण्याची पंप कंपनी ड्रॉइंग बघायला येणार. पसंत पडली तर तीन वर्षांचं काम, आणि प्रियदर्शनीचं स्वतःच्या नावावरचं पहिलंच. अशा लोकांसमोर गिरणी चालवायची?
संकल्प: महिन्याभरात पिनड्रॉप सायलेन्स.
केरबाला सांगितलं. तो म्हणाला, पंखं वरडत्यात म्हंजे काम करत्यात की, पावणं. लग्नाला चार वर्षं झाली, हा अजून पावणंच म्हणतो. साहेब म्हणायला काय जातं याचं?

२५ एप्रिल. दुपार
मदरबोर्डवर एक चिप असते. ती तापमान मोजते आणि त्याप्रमाणे पंखे पळवते. तिच्याशी बोलायला ड्रायव्हर लागतो. आमची चिप नवीन, ड्रायव्हर म्हणाला ओळखत नाही. मी त्याला दुसऱ्याच एका जुन्या चिपचा नंबर दिला आणि सांगितलं, हीच ती, मान. मानलं की लगेच! डोकं लागतं याला.
इंटरनेटवर एका जर्मन माणसाने लिहिलं, असं अजिबात करू नका, आकडे भलतेच येतील, बोर्ड जाईल. चार ओळी नुसती भीती. स्वतःला जमलं नसणार.
प्रयोगाला एक डिस्क हवी होती. बॅकअपची निळी डिस्क पुसून घेतली. तिच्यावर जुन्या कॉप्याच तर होत्या. मूळ ड्रॉइंग कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहेत. शनिवारी परत भरून ठेवतो.

२७ एप्रिल, शनिवार
प्रियदर्शनीने विचारलं, अहो, बॅकअप झाला का? म्हणालो, झाला. उद्या करणारच आहे, म्हणजे झाल्यासारखाच.

३० एप्रिल
नाद खुळा! बाहेर एकोणचाळीस, गाळ्याचा पत्रा हात लावू देत नाही, आणि माझा सीपीयू स्क्रीनवर बत्तीस डिग्री. एवढा थंड असल्यावर पंखे पळवायचेच कशाला? पुढचा पंखा पूर्ण बंद केला. बाकीचे नावापुरते.
शांतता. एवढी, की केरबाने रंधा थांबवून वर बघितलं. काय झालं, म्हणाला. मी म्हणालो, सुधारणा.

३ मे
केरबा आता जेवणाचा डबा सीपीयूवर ठेवतो. आमटी गरम राहते म्हणे. विभागाचा असाही उपयोग.
नंतर म्हणाला, पावणं, पेटीला एकदा हात लावून बघा की. हा माणूस सव्वीस वर्षं फौंड्रीच्या भट्टीवर होता. लोखंडाचा रंग बघून सांगायचा, ओता किंवा थांबा. डोळ्याने तापमान! मी त्याला स्क्रीन दाखवली. बत्तीस. तो स्क्रीनकडे न बघता पेटीकडेच बघत राहिला.

४ मे, शनिवार
बॅकअपचं विचारलं. झाला म्हणालो. आज खरंच करणार होतो, पण ड्रायव्हरची नवीन आवृत्ती आली.

८ मे
कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद पडला. प्रियदर्शनीचं अर्ध्या तासाचं काम गेलं. तिला सांगितलं, लाइटचा व्होल्टेज. शेजारच्या फौंड्रीत भट्टी लागली की असं होतंच. बंद पडायच्या क्षणीसुद्धा तापमान बत्तीस होतं, म्हणजे दोष आपला नाही हे सिद्धच झालं.

११ मे, शनिवार
विचारलं. झाला. शब्द तोंडात बसलाय.

१४ मे
कसला तरी वास. गोडसर, जळका.
केरबाने डबा पेटीवर ठेवायचं बंद केलं. आमटी आटून डब्याला चिकटली म्हणे. वास घेऊन म्हणाला, ह्यो लाकडाचा वास न्हाय आणि भट्टीचाबी न्हाय. मी म्हणालो, शेजारी रंगकाम असेल. शेजारी रंगकाम नाही, मी बघून आलो. असो.
मग प्रियदर्शनीने सीपीयूवर तळवा ठेवला आणि झटकन ओढून घेतला. म्हणाली, अहो, पंखे पूर्वीसारखे चालू करा, आवाज परवडला. मी तिला स्क्रीन दाखवली. तिने आकडा बघितला. तळवा साडीला पुसला आणि म्हणाली, बरं, तुम्ही म्हणताय तर.
बायकोचा विश्वास मिळवायला विज्ञान लागतं.
पंखे चालू करणार होतो, फक्त तिच्या समाधानासाठी. पण आज केले तर वाटेल की आपलं चुकलं होतं.

१८ मे, शनिवार
आज खरंच निळी डिस्क जोडली. कॉपी सुरू केली. चार टक्क्यांवर कॉम्प्युटर बंद. परत चालू केला, दोन टक्क्यांवर बंद. तिसऱ्यांदा चालू व्हायला दहा मिनिटं लागली, आत कुणीतरी नखाने पत्रा खरवडल्यासारखा आवाज. डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली.
थोडी भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण हे कुणी वाचणार नाही.
प्रियदर्शनीने विचारलं. या वेळी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा झाला म्हणालो.

२२ मे. सकाळी १०.४०
गेला. टप असा आवाज, मागून धुराची एक बारीक रेघ. तीन ड्रॉइंग बाकी होती. बंद होताना आकडा बत्तीस.
प्रियदर्शनी घाबरली नाही. म्हणाली, असू द्या, निळी डिस्क आहे ना.
केरबाने माझ्याकडे बघितलं. मी ड्रॉवरकडे बघितलं नाही.

२३ मे
सम्मेद नावाचा रिपेअरवाला आला. बोर्ड जळालाय, पंख्याविना आतली हार्ड डिस्क भाजून निघालीय, तिच्यातलं काही निघणार नाही म्हणाला. मग निळी डिस्क मागितली. दिली. जोडली. तिच्यात दोन-चार अर्धवट फायली आणि माझा ड्रायव्हर निघाला.
मी त्याला मोबाइलवर काढून ठेवलेले स्क्रीनचे फोटो दाखवले. सकाळ, दुपार, कायम बत्तीस. तो म्हणाला, ज्या सेन्सरचा आकडा तुम्ही बघत होता, त्याला या बोर्डवर काही जोडलेलंच नाही. चुलीत घातला असता तरी बत्तीसच दाखवला असता.
प्रियदर्शनी खुर्चीत बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, चार शनिवार विचारलं, चारही वेळा झाला म्हणालात.

२४ मे, शुक्रवार
पुण्याची माणसं आली. चहा घेतला. एकजण म्हणाला, तुमच्याकडे फारच शांत आहे हो. प्रियदर्शनीने खरं ते सांगितलं, मशीन जळलं, ड्रॉइंग गेली. माझं नाव घेतलं नाही. ते चांगलं बोलले आणि गेले. काम दुसरीकडे देणार आहेत.
नंतर मोरीत पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला फार वाईट वाटलं. फार.

२५ मे, शनिवार
केरबा आणि प्रियदर्शनी माळ्यावरचे जुने पॅटर्न उतरवून, मापं घेऊन कागदावर परत ड्रॉइंग करतायत. मी मापपट्टी धरू का विचारलं. केरबा म्हणाला, बसा निवांत, पावणं.
बसलो. संध्याकाळी सहाला कुलूप लावलं.
आज बॅकअपचं तिने विचारलं नाही.